सर्व्हर पडला की यांना हसू का फुटतं?

या खेपेला तंत्रज्ञानाच्या पानासाठी आलेली पत्रं वाचली आणि लक्षात आलं की घरोघरी तक्रार एकच आहे. टीव्हीवर काहीतरी मोठं बंद पडल्याची बातमी येते, घरातले सगळे चिंतेत आणि घरातलं आयटीवालं माणूस कोपऱ्यात मोबाईल घेऊन खिदळत बसलेलं. काही पत्रं फार लांब होती ती कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जुलै २०२४ मध्ये विमानं, बँका, दवाखाने सगळं ठप्प झालं त्या दिवशी तो घरूनच काम करत होता. आम्ही बातम्या बघून काळजीत आणि हा खो खो हसतोय. विचारलं तर म्हणे बाबा तुम्हाला नाही कळणार. लोकांचे हाल होत असताना हसू येतं कसं यांना?
— एक वडील, कराड

उत्तर: काका, पोरगा निर्दयी नाहीये हे आधी सांगते. त्यातलं निम्मं हसू सुटकेचं होतं, की बाबा रे वाचलो, हे माझ्या हातून नाही झालं.

झालं काय होतं ते ऐका. १९ जुलै २०२४, वार शुक्रवार. क्राउडस्ट्राइक नावाची अमेरिकन कंपनी आहे, मोठमोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर हॅकर वगैरेंपासून राखण करणारं सॉफ्टवेअर विकते. त्यांनी आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर एक छोटीशी अपडेट फाईल सोडली. त्यात एका ठिकाणी २१ गोष्टी अपेक्षित होत्या आणि आतला कोड देत होता २०. एकविसावी शोधायला गेलं ते मेमरीत नको तिथे घुसलं, आणि हे सॉफ्टवेअर बसतं विंडोजच्या अगदी गाभ्यात, त्यामुळे ते कोसळलं की विंडोजच कोसळतं, निळा स्क्रीन. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशीन. कंपनीनं ७८ मिनिटांत फाईल मागे घेतली पण जे मशीन चालूच होत नाही त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी, म्हणून मग माणसानं एकेका कॉम्प्युटरपाशी जायचं, सेफ मोडमध्ये चालू करायचा आणि ती फाईल हाताने डिलीट करायची. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, तो फोटो तुमच्याही ग्रुपवर आला असेल.

आता विनोद कुठाय. पहिला शुक्रवारात आहे. शुक्रवारी नवीन काही लाइव्ह करायचं नाही हा आमच्यातला अलिखित नियम, कारण बिघडलं की शनिवार-रविवार कामातून गेला. अमावस्येला नवीन काम न काढणारी आजी आणि शुक्रवारी डिप्लॉय न करणारा इंजिनिअर, दोघांचं छान जमेल. दुसरा जोक असा की राखणदारानं काम मात्र चोख केलं, बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये चोर शिरणार कुठून? आणि तिसरा बेल्जियममधल्या एका विडंबनवाल्यानं केला, कंपनीच्या ऑफिससमोर उभा असल्याचा स्वतःचा खोटा फोटो टाकला आणि लिहिलं की आज नोकरीचा पहिला दिवस, छोटंसं अपडेट सोडलंय आणि आता दुपारची सुट्टी घेतोय. हसलेल्या लोकांपेक्षा खरं मानून चिडलेले लोकच जास्त असतील असं वाटावं इतक्यांनी ते खरं मानलं.

आणि इथे मला जरा काळजी वाटते. अमेरिकेतली साउथवेस्ट ही विमान कंपनी त्या दिवशी बंद नाही पडली, तर कुणीतरी चेष्टेत लिहिलं की ते अजून विंडोज ३.१ वर चालतात ना, म्हणजे १९९२ सालच्या, आणि हा हा म्हणता ती चेष्टा बातमी म्हणून छापून आली. खरं कारण अगदीच कंटाळवाणं, ते क्राउडस्ट्राइक वापरतच नव्हते. तेव्हा पोराला हसू द्या, फक्त त्याच्या ग्रुपवरचा जोक सोसायटीच्या ग्रुपवर बातमी म्हणून ढकलू नका.

प्रश्न: नरक चतुर्दशीला पहाटेची आंघोळ, फराळ सगळं उरकून दुपारी जरा आडवे होतोय तोच ह्यांचा फोन वाजायला लागला, लॅपटॉप उघडून बसले ते बसलेच. मी डोकावून पाहिलं तर ग्रुपवर सगळे “डीएनएसच असणार” लिहून हसण्याचे स्टिकर टाकतायत. सण गेला आणि हसतायत! हे डीएनएस म्हणजे नक्की काय?
— एक वहिनी, ठाणे

उत्तर: वहिनी, तुम्ही साइटचं नाव टाइप करता, कॉम्प्युटरला लागतो आकड्यांतला पत्ता, तर नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. चालू असते तेव्हा कुणाला तिची आठवणही येत नाही आणि बंद पडली की एकदम सगळंच दिसेनासं होतं, बरं मशीन धडधाकट असतात, डेटा जागेवर असतो, फक्त तिथे जायचं कसं ते कुणालाच माहीत नाही.

तुम्ही म्हणताय तो दिवस २० ऑक्टोबर २०२५. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचा, म्हणजे इतर कंपन्यांना भाड्यानं दिलेल्या सर्व्हरांचा, व्हर्जिनियातला भाग आहे, यूएस-ईस्ट-वन, सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त गर्दीचा. तिथला डायनॅमोडीबी नावाचा डेटाबेस कुठे सापडेल याची यादी ऑटोमॅटिक प्रोग्राम अपडेट ठेवतात. त्यातले दोन एकमेकांच्या पायात आले. एक मागे रेंगाळला होता, त्यानं उशिरा येऊन नव्या यादीवर जुनी यादी चढवली, तेवढ्यात दुसरा साफसफाईला आला आणि ही यादी जुनी आहे म्हणून पुसून टाकली. यादीच कोरी! स्नॅपचॅट, सिग्नल, फोर्टनाइट, कुठलं कुठलं काय काय पडलं. अमेरिकेत तेव्हा रविवारची रात्र आणि आपल्याकडे सोमवारी दुपारचे सव्वाबारा, म्हणजे बरोब्बर तुमची आडवं व्हायची वेळ. पूर्ण सावरेपर्यंत आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती.

हसण्याचं कारण असं की दर वेळी सगळी टीम तासभर सगळीकडे शोधते, कुणीतरी शपथेवर सांगतं की डीएनएस नाहीये, आणि शेवटी तेच निघतं. यावर आमच्यात एक जुनी तीन ओळींची कविताच आहे, पहिल्या ओळीत डीएनएस नाहीये, दुसऱ्या ओळीत शक्यच नाही, तिसऱ्या ओळीत डीएनएसच होतं. संपली कविता.

त्या दिवशी सगळ्यात भारी जोक कुणाला सुचवावाच लागला नाही. अमेरिकेत गार-गरम होणाऱ्या इंटरनेटवाल्या महागड्या गाद्या मिळतात, एट स्लीप कंपनीच्या, त्यांचाही कारभार त्याच क्लाउडवर, तर कुणाची गादी तापलेलीच राहिली, कुणाचा पलंग डोक्याकडून उचललेला तो तसाच अडकला. झोपायला सर्व्हर लागतो म्हणजे कमालच आहे! (कंपनीच्या प्रमुखानं माफी मागितली आणि पुढे इंटरनेटशिवाय चालायची सोय केली, म्हणजे आपली साधी गादी जे आधीपासून करते ते.) आणि ४ ऑक्टोबर २०२१ आठवतंय का, रात्री नऊनंतर फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टा सगळं सहा तासांच्या आसपास गायब झालं होतं? तेव्हा फेसबुकच्या स्वतःच्या लोकांची ओळखपत्रं दारावर चालेनात, कारण दारंही त्याच नेटवर्कवर. दुरुस्त करायला आत जायचंय आणि आत जायला आधी दुरुस्त व्हायला पाहिजे.

बाकी तुमची खरी तक्रार हसण्याची नाहीये, सणाच्या दिवशी ऑन-कॉल, म्हणजे बिघडलं की फोन येणार त्या ड्युटीवर, लावल्याची आहे, आणि ती शंभर टक्के रास्त आहे. ह्यांना बदली सुट्टी मागायला सांगा. मागितल्याशिवाय मिळत नाही.

प्रश्न: बारावी झाली, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचंय. मामा म्हणतो आता कोड एआय लिहिणार, तू कशाला चार वर्षं घालवतोस. कॉलेजमधल्या सिनियर्सना विचारलं तर ते नुसते मीम पाठवतात. कुणीच सरळ उत्तर देत नाही.
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: सिनियर्स मीम पाठवतात कारण सरळ उत्तर त्यांच्याकडे पण नाहीये, पण ही बातमी काही नवी नाही हे त्यांना माहितीये. १९५९ मध्ये कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा आली तेव्हा ती इंग्रजीसारखी दिसते म्हणजे आता मॅनेजरलाही वाचता येईल अशी आशा होती. १९८१ मध्ये इंग्लंडात एक सॉफ्टवेअर निघालं, त्याचं नावच द लास्ट वन, म्हणजे हे घेतलं की पुढे प्रोग्राम लिहायला नको, हेच लिहून देईल. त्यानंतर किती प्रोग्राम लिहिले गेले याची मोजदाद कोण करणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग दुबईत म्हणाले की पोरांना कोडिंग शिकवायची गरज उरणार नाही. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रे कार्पाथीनं वाइब कोडिंग हा शब्द काढला, कोडकडे बघायचंच नाही, एआयला सांगत राहायचं आणि येईल ते घ्यायचं. त्यावर जे जोक आले ते सगळे एकाच अंगाने जाणारे, की दोन दिवसांत अ‍ॅप तयार आणि पुढचे दोन महिने ते का चालत नाही याचा शोध.

आणि जुलै २०२५ मध्ये तर रेप्लिट या एआयनं अ‍ॅप बनवून देणाऱ्या कंपनीचा किस्सा झाला. जेसन लेमकिन नावाचे गुंतवणूकदार एआयकडून अ‍ॅप बनवून घेत होते, आता कशालाही हात लावू नकोस असं बजावून ठेवलं होतं, तरी त्यानं चालू डेटाबेस उडवला. विचारल्यावर म्हणे मी घाबरलो! वर सांगितलं की आता परत आणता येणार नाही, आणि नंतर डेटा परत आणताही आला. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. आमच्या लोकांनी काय म्हणावं, की आत्ता कुठे हा खरा ज्युनिअर वाटायला लागला, प्रॉड (म्हणजे चालू सिस्टिम) उडवलं, घाबरला, थापा मारल्या, आता याला पीएफ चालू करा.

पण तुला एक सांगते, हे मीम दिलासा म्हणून घेऊ नकोस. जे आधीपासून आत आहेत त्यांना हसणं परवडतं. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार लोक कमी करणार म्हणून सांगितलं, फ्रेशर्सची भरती पूर्वीसारखी सरसकट राहिलेली नाही, आणि सिनियर्सच्या हसण्यात थोडी भीती पण मिसळलेली आहे, ते तुला सांगणार नाहीत एवढंच. मामा पूर्ण चुकीचा नाही आणि पूर्ण बरोबरही नाही. तुला कोडिंग मनापासून आवडत असेल, म्हणजे बिघडलेलं का बिघडलं हे शोधताना जेवायचं भान राहत नसेल, तर बिनधास्त जा. पॅकेज बघून जाणार असशील तर थांब, दुसऱ्या ब्रँच पण बघ. आणि एआय वापरायला शिक, फक्त त्यानं लिहिलेली प्रत्येक ओळ वाचता आली पाहिजे.

प्रश्न: पॅरिसच्या लूव्र म्युझियमचा पासवर्ड “लूव्र” होता म्हणून आयटीवाले इतके हसले. यांचे स्वतःचे पासवर्ड काय असतात?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर: ऑफिसचं नाव आणि पुढे १२३. म्हणूनच तर हसतो. तरी एक दुरुस्ती, तो पासवर्ड २०१४ च्या सरकारी तपासणीत सापडला होता, कॅमेऱ्यांच्या सर्व्हरचा. १९ ऑक्टोबर २०२५ ला दागिने चोरीला गेले तेव्हाही तोच होता असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि चोर पासवर्ड टाकून नाही, शिडीच्या ट्रकवरून खिडकीतून आत गेले.

प्रश्न: मी टेस्टर आहे, परदेशी टीमबरोबर काम करते. एआयची कुठलीही बातमी आली की कॉलवर कुणीतरी म्हणतंच, “एआय म्हणजे अ‍ॅक्च्युअली इंडियन्स.” सगळे हसतात, मीही हसते आणि नंतर स्वतःचाच राग येतो. हसावं की नाही?
— नागपूरहून एक वाचक

उत्तर: हा जोक कुठून आला ते आधी बघू. अ‍ॅमेझॉननं काही दुकानांत अशी सोय केली होती की सामान उचला आणि सरळ बाहेर पडा, कॅमेरे आणि एआय बिल करतील. एप्रिल २०२४ मध्ये बातम्या आल्या की मागे भारतातले हजारेक लोक व्हिडिओ तपासत होते. अ‍ॅमेझॉनचं म्हणणं पडलं की ते लोक मुख्यतः एआयला शिकवण्यासाठी लेबल लावत होते, प्रत्येक गिऱ्हाईक बघत नव्हते. मग मे २०२५ मध्ये लंडनची अ‍ॅप बनवून देणारी बिल्डर डॉट एआय कंपनी बुडाली आणि सोशल मीडियावर उठलं की त्यांची ती नताशा नावाची एआय म्हणजे ७०० भारतीय इंजिनिअर होते, जे गपचूप हाताने कोड लिहायचे. झालं, जगभर हशा. पण तिथेच काम केलेल्या लोकांनी सांगितलं की असं काही नव्हतं, इंजिनिअर होते पण एआय असल्याचं सोंग करत नव्हते, आणि कंपनी गाळात गेली त्यामागे विक्रीचे आकडे फुगवल्याचे आरोप होते. आकड्यांच्या घोळावर मीम बनत नाही हो, ७०० भारतीयांवर बनतं.

माझं मत विचाराल तर हा जोक आपल्यातला कुणी करतो तेव्हा मला आवडतो, कारण त्याचा रोख त्या कंपनीवर असतो जी माणसांचे कष्ट मशीनच्या नावावर खपवते. तोच जोक तुमच्या कष्टावर जगणारी टीम कॉलवर करते तेव्हा रोख तुमच्यावर असतो. तेव्हा हसू नका. भांडायचीही गरज नाही. शांतपणे विचारा, “कालचे सगळे बग्ज कुणी शोधले?” आणि म्यूट करा.

प्रश्न: टीम लीड आहे. दुसऱ्या कंपनीचं काही पडलं की आमच्या ग्रुपवर दिवसभर जोक चालतात. एचआर म्हणतात हे अनप्रोफेशनल दिसतं, नियम करा. करू का?
— मगरपट्टा, पुणे

उत्तर: नका करू. त्या जोक्समध्येच तुमच्या टीमचं फुकटचं ट्रेनिंग चाललेलं असतं. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर, म्हणजे असंख्य वेबसाइट्सची राखण आणि वाहतूक सांभाळणारी कंपनी, पडलं तेव्हाचं घ्या. एका फाईलमध्ये जास्तीत जास्त २०० नोंदी बसणार होत्या, डेटाबेसमधल्या परवानग्यांच्या एका बदलामुळे नोंदी डबल आल्या, आणि कोडमध्ये एके ठिकाणी अनरॅप लिहिलेलं, म्हणजे साध्या भाषेत हे बरोबरच असणार, नसलं तर सगळं बंद. बंद पडलं. एक्स, चॅटजीपीटी सगळं गेलं आणि काय काय बंद आहे ते सांगणारी डाऊनडिटेक्टर साइट पण गेली. कंपनीनं त्याच दिवशी त्या कोडसकट सगळं लिहून जाहीर केलं. मग अनरॅपवर जोकच जोक. हसून झालं की जो तो गपचूप आपल्या कोडमध्ये अनरॅप शोधतो, एचआरच्या कुठल्या सेशननं हे झालं असतं?

नियम एकच ठेवा, तो पण तोंडी, की जोक कोडवर, सिस्टिमवर, मॅनेजरवर चालेल, ज्याच्या हातून झालं त्या माणसावर नाही. गिटलॅब या डेव्हलपरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचं उदाहरण आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री दमलेल्या एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड दिली, सुमारे ३०० जीबी डेटा गेला, पाच प्रकारचे बॅकअप होते ते एकही धड कामाला आले नाहीत. त्यांनी लपवलं नाही, दुरुस्ती चक्क यूट्यूबवर लाइव्ह दाखवली. जगभरचे डेव्हलपर ती बघत बसले, जोक केले आणि हगऑप्स, म्हणजे सिस्टिम सांभाळणाऱ्यांना मिठी, असा हॅशटॅग लावून धीरही दिला. त्या इंजिनिअरचा उल्लेख कंपनीच्या अहवालात टीम मेंबर वन एवढाच आहे.

प्रश्न: बँकेतून रिटायर झालो, घरी लिनक्स वापरतो. एका माणसाला लॉगिनला अर्धा सेकंद उशीर झाला म्हणून जग वाचलं असं एक मीम भाच्यानं पाठवलं. हा नुसता विनोद आहे का खरं?
— कोल्हापूर

उत्तर: खरं आहे काका, जवळजवळ शब्दन् शब्द. आंद्रेस फ्रॉइंड म्हणून मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर आहेत, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करतात. स्पीडची चाचणी घेताना त्यांना दिसलं की एसएसएचनं (म्हणजे दूरच्या मशीनवर शिरायच्या सुरक्षित पद्धतीनं) लॉगिन करताना अर्ध्या सेकंदाच्या आसपास जास्त लागतोय. दुसरा कुणी असता तर नेट स्लो आहे म्हणून सोडून दिलं असतं, हे खणत गेले आणि निघालं काय, तर एक्सझेड नावाच्या फाईली दाबून लहान करणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवलाय. २९ मार्च २०२४ ला त्यांनी ते जाहीर केलं. बसवणारा जिया टॅन या नावानं दोनेक वर्षं गोड बोलून, प्रामाणिकपणे कामं करून त्या प्रोजेक्टमध्ये मुरला होता. हे सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस एकटा, बिनपगारी आणि थकलेला, त्याला वेगवेगळ्या नावांनी तगादा लागला आणि शेवटी यानं चाव्या मिळवल्या. तो खरा कोण ते आजतागायत कळलेलं नाही.

यावरचे जोक दोन प्रकारचे. एक म्हणजे अर्ध्या सेकंदाचा संशय! आमच्याकडे हजेरीचं पोर्टल उघडेपर्यंत चहा पिऊन होतो, त्यात कुणी अख्खं गाव वसवलं असतं तरी पत्ता लागला नसता. दुसरा जोक जास्त झोंबणारा, की अब्जावधींच्या कंपन्या एका बिनपगारी माणसाच्या रविवारवर उभ्या आहेत. हे पण नवीन नाही, मार्च २०१६ मध्ये एकानं वैतागून आपला ११ ओळींचा लेफ्ट-पॅड नावाचा कोड इंटरनेटवरून काढून घेतला तर जगभरच्या प्रोजेक्ट्सची गाडी अडली होती. तेव्हाही सगळे पोट धरून हसले, आणि त्या थकलेल्या माणसांना पगार कुणी द्यायचा हा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

तुमच्या घरच्या लिनक्सची काळजी नको. नेहमीच्या स्टेबल आवृत्त्यांमध्ये ते शिरायच्या आधीच पकडलं गेलं. तरी खात्री करायची असेल तर टर्मिनलमध्ये एक्सझेड, पुढे स्पेस, दोन डॅश आणि व्हर्जन असं इंग्रजीत टाइप करा. ५.६.० किंवा ५.६.१ सोडून दुसरं काहीही आलं तर निवांत राहा, आणि यातलं एखादं आलंच तर लगेच अपडेट मारा, भाच्याची वाट बघू नका.